सर्व्हरला न पचणारी ओळ

पाच वाजेपर्यंत खुलासा अपलोड झाला नाही तर स्टोअरवाल्या काकांची नोकरी जाणार होती, आणि फाइल काही केल्या जात नव्हती. काकांनी चाळीसऐवजी चारशे खुर्च्या मागवल्या होत्या. आता त्या जिन्यात, व्हरांड्यात, बाथरूमच्या दारात उभ्या होत्या आणि साहेब चार दिवस खुर्च्यांवरून चढून केबिन गाठत होते.

प्रोग्रामरने काकांची फाइल उघडून वाचली आणि घोळ आपणच घातलाय हे त्याला कळलं.

ऑफिसचा फॉर्म सर्व्हरकडे जायचा एकाच पाकिटातून, पण तुकड्यातुकड्याने. आधी कर्मचाऱ्याचा खुलासा, मग त्याच्या वरच्या साहेबांचा अभिप्राय. एक तुकडा कुठे संपला हे सर्व्हरला कळावं म्हणून मध्ये खुणेची ओळ लागते, आणि ती मजकुरात कुणी कधीच लिहिणार नाही अशी हवी. शहाणी माणसं तिथे आकड्या-अक्षरांचा काला टाकतात. आमच्या या पठ्ठ्याने ऑफिसातले अकरा वर्षांचे खुलासे चाळले आणि ओळ निवडली, 'चूक माझीच होती'. तीन वर्षं कुठे काही अडलं नाही.

"काका, ही एक ओळ काढा."

"का रे?"

"सर्व्हरला पचत नाही. एक तुकडा जास्त आला म्हणून सगळंच परत पाठवतोय."

"अरे, साहेबांनीच सांगितलंय, ही ओळ शब्दशः हवी. आणि खरंही तेच आहे. चार दिवसांनी मनाची तयारी झालीये माझी, आता शब्द बदलायला लावू नकोस."

खूण बदलायची तर साठ कॉम्प्युटरांवर बदलावी लागली असती. पाचला चार मिनिटं असताना प्रोग्रामरने सर्व्हरलाच बजावलं, जादा तुकडा आला तर कुरकुर करू नकोस, पुढच्या रकान्यात घे. फाइल झटकन गेली. काकांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

मग त्याने नोंद उघडून पाहिली. खुलासा एवढाच होता, 'मागणीपत्रावर एक शून्य जास्त पडलं.' पुढचं सगळं साहेबांच्या अभिप्रायात जाऊन बसलं होतं, 'माझ्या हलगर्जीपणामुळे सर्वांना खुर्च्यांवरून चढावं लागतंय. मान खाली घालून क्षमा मागतो.' खाली साहेबांचा शिक्का आपोआप उमटला होता आणि मोठ्या साहेबांकडे प्रतही गेली होती.

सकाळी साहेबांचं बोलावणं आलं. प्रोग्रामर सहा खुर्च्या ओलांडून आत गेला आणि तुकडे, खूण, रकाने, सगळं एका दमात कबूल करून मोकळा झाला.

"दार लाव," साहेब हळूच म्हणाले. "मोठ्या साहेबांचा फोन होता. हाताखालच्या माणसाची चूक अंगावर घेणारा अधिकारी त्यांनी पहिल्यांदा पाहिला म्हणे. गहिवरले होते. काकांचं प्रकरण मिटलं."

प्रोग्रामरचा जीव भांड्यात पडला. "मग ती खूण आजच बदलतो, साहेब."

"घाई करू नकोस. बस." साहेबांनी खुर्ची पुढे सरकवली. खुर्च्यांना तोटा नव्हताच. "माझं प्रमोशन मोठ्या साहेबांनी दोन वर्षं अडवून ठेवलंय. मला एवढंच सांग, मी खुलासा लिहिला, तर त्याचा उरलेला भाग कुणाच्या रकान्यात जाईल?"