सरांचा मदरबोर्ड

सहायक संपादकबाईंचा संगणक सोमवारी सकाळी मेला, तेव्हा त्याच्या पोटात परिभाषाकोशाचा संपूर्ण पाचवा खंड होता.

"डिस्क शाबूत आहे, मॅडम," तंत्रज्ञ झाकण उघडून म्हणाला. "मदरबोर्ड गेलाय. आणि ह्या सॉकेटचा नवा बोर्ड आता शोधूनही मिळायचा नाही."

"मग?"

"शेजारच्या खोलीत एक पडून आहे की."

शेजारची खोली मुख्य संपादकांची. ते आठ महिन्यांपूर्वी वारले होते. त्यांचा संगणक अजून कापडाखाली झाकलेला होता. एकोणीस वर्षे बाईंनी व्याख्या लिहिल्या आणि सरांनी मुखपृष्ठावर आपले नाव लिहिले, असे चार खंडांचे निर्दोष श्रमविभाजन होते. पाचव्यावर बाईंचे नाव येणार होते. त्यांची विद्वत्ता एकाएकी कुणाच्या लक्षात आली होती असे नव्हे. नाव देण्याजोगे दुसरे कुणी हयात नव्हते, एवढेच.

तंत्रज्ञाने सरांचा बोर्ड उपसून टेबलावर ठेवला आणि परीक्षा सुरू केली. "सॉकेट तेच. प्रोसेसर चालेल. रॅम दोन्हीकडची एकाच पिढीची. वीजपुरवठ्याच्या पिना चोवीस, इथंही चोवीस. अहो, स्क्रूची भोकंसुद्धा जुळतायत! मॅडम, ही सोयरीक टिकणार."

बोर्ड कोणाचा होता, हा प्रश्न त्याच्या तपासणीत बसत नव्हता.

संगणक सुरू झाला. काळ्या पडद्यावर सर्वप्रथम एक पांढरी ओळ उमटली: हे यंत्र मुख्य संपादकांच्या मालकीचे आहे. इतरांनी हात लावू नये.

बाईंनी माउसवरचा हात चटकन मागे घेतला.

"घाबरताय काय? बोर्डातच साठवलेलं असतं असलं काहीबाही."

"पुसून टाका ते."

"त्याला सरांचा पासवर्ड लागेल. तुम्हाला सांगितला होता त्यांनी?"

सरांनी बाईंना एकोणीस वर्षांत कपाटाची किल्लीही दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाई दहाला पोचल्या. त्यांच्या खोलीला कुलूप होते, आणि कुलपाआड संगणकाचा पंखा घरघरत होता. पडदा उजळलेला होता. खुर्चीवरून कुणी नुकतेच पाणी प्यायला उठावे, तशी खोली वाटली. तंत्रज्ञाने फोनवर उलगडा केला. बोर्ड रोज नऊ चाळीसला आपणहून सुरू होणार होता. तशी वेळच लावून ठेवलेली होती. सर बरोबर त्याच वेळी येत.

"आणखी काय काय साठलंय त्यात?" बाईंनी विचारले.

"वेळ, क्रमांक, मालकाचं नाव. माणूस मावेल एवढी जागा नसते हो!"

आठवडाभरात बाई स्वतःच्या खोलीत शिरण्यापूर्वी दारावर टकटक करू लागल्या आणि मग त्याबद्दल स्वतःवरच संतापू लागल्या.

बाराव्या दिवशी आस्थापनेच्या अधीक्षकांचे बोलावणे आले.

"मॅडम, तुम्ही अकरा दिवस गैरहजर आहात."

"मी तुमच्यासमोर उभी आहे."

"ते मला दिसतंय. नोंदीत दिसत नाही ना."

संस्थेत हजेरी माणसांची घेत नसत. सुरू झालेल्या संगणकाचा क्रमांक घेत. तो क्रमांक मदरबोर्डात असतो. बाईंचा क्रमांक भंगाराच्या खोक्यात पडला होता.

"सर मात्र रोज येतायत," अधीक्षक आदराने म्हणाले. "नऊ चाळीस. एक दिवस उशीर नाही."

"सर वारले! मी लेखी कळवलं होतं."

"पत्र मिळालं होतं. त्यावर विभागप्रमुखांची सही नव्हती."

"विभागप्रमुखच वारले होते!"

"म्हणूनच ते प्रलंबित आहे."

"मग माझा क्रमांक तरी बदलून द्या."

"तो अर्ज हजर कर्मचाऱ्यानंच करायचा असतो. हाताखालच्या माणसाची पंधरा दिवस गैरहजेरी भरली की पद रिकामं; विभागप्रमुखांना हा नियम नाही. हातातलं काम हजर संपादकाच्या नावे." अधीक्षकांनी चष्मा पुसला आणि आवाज खाली आणला. "एक वाट आहे. हाताखालच्यांची हजेरी विभागप्रमुख मंजूर करू शकतात. सर येतातच आहेत. त्यांच्याशी बोलून घ्या ना."

ते हसले नाहीत. 

खोलीत परतून त्यांनी संस्थेच्या हजेरी-प्रणालीतले विभागप्रमुखांचे पान उघडले. यंत्राचा क्रमांक पाहून संस्थेने त्यांना आत घेतले. माणूस ओळखण्याची प्रथा तिथे नव्हती. बाईंनी सरांच्या वतीने मजकूर लिहिला: 'सहायक संपादक सर्व दिवस हजर होत्या. पाचव्या खंडाचे संपादन सर्वस्वी त्यांनीच केले आहे. मुखपृष्ठावर त्यांचे नाव असावे.'

तीन वाक्ये, आणि तिन्ही खरी. सरांच्या नावाखाली ती इतकी परकी दिसत होती की कुणालाही संशय यावा. शिवाय ही बनावटगिरी होती, आणि बनावटगिरीच्या चार खंडांनंतर पाचवा तरी स्वच्छ असावा असे बाईंना वाटे. त्यांनी मजकूर न पाठवता तसाच जतन केला, संगणक बंद केला, खोलीला कुलूप घातले आणि एकुलती एक किल्ली पर्समध्ये टाकली. रात्रभर विचार करून काय ते उद्या ठरवू, असे त्यांनी मनाशी म्हटले.

सकाळी त्या दारापर्यंत पोचण्याआधीच अधीक्षक जिन्यात भेटले. चेहरा लग्नघरातल्यासारखा फुलला होता आणि हातात छापील कागद होता.

"अभिनंदन, मॅडम! सरांची मंजुरी आली. तुम्ही हजर झालात."

"पण मी तर ते पाठवलंच..." बाई थांबल्या. "वाचा बरं."

अधीक्षकांनी घसा साफ केला. "'सहायक संपादक सर्व दिवस हजर होत्या. पाचव्या खंडाचे संपादन त्यांनी माझ्या मार्गदर्शनाखाली केले आहे. मुखपृष्ठावर माझे नाव असावे.' छान लिहिलंय. छापखान्याला प्रत रवाना केली मी."

बाईंनी जिन्याचा कठडा घट्ट धरला. वरच्या मजल्यावर, बंद दाराआड, पंखा एका लयीत घरघरत होता.

"हे मी लिहिलेलं नाही," त्या कसेबसे म्हणाल्या.

"अर्थातच नाही," अधीक्षक कागदाची घडी घालत म्हणाले. "सरांनी लिहिलंय."