चार वाजताचे काका

"माझ्या दारातून भूतसुद्धा ओळख पटवल्याशिवाय आत जाणार नाही!" असं तो इमारतीच्या कमिटीपुढे छातीठोकपणे सांगून आला होता. सुरक्षा-यंत्रं बसवायचा त्याचा धंदा जेमतेम महिन्याचा, आणि हे पहिलंच काम: चेहरा ओळखून, नाव घेऊन, आपोआप उघडणारं दार. बायकोने सहा महिन्यांची मुदत दिली होती. तोवर जम बसला नाही, तर मेहुण्याच्या गोदामात नोकरी, आणि मेहुण्याला 'साहेब' म्हणायचं.

पाचव्या दिवशी सेक्रेटरीबाईंचा फोन आला. आवाज अगदी दबका.

"तुमचं दार काकांना आत घेतंय."

"घेऊ दे की. इथलेच ना?"

"होते. त्यांना जाऊन वर्ष झालं."

तो धावतच गेला. प्रवेशाच्या अंधाऱ्या बोळात चारपाच जण भिंतीला चिकटून उभे होते. चार वाजले. दारावरचा हिरवा दिवा लागला. "या, काका," यंत्र म्हणालं. दार सावकाश उघडलं, कोणीही आत गेलं नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला लागेल तेवढा वेळ थांबून ते मिटलं.

"फिरून यायची त्यांची हीच वेळ," बाई पुटपुटल्या.

"यंत्र काढा," खजिनदार म्हणाले.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. भुताची भीती होतीच, मेहुण्याची जास्त होती. तेवढ्यात मागून कोणीतरी बघतंय असं वाटून तो वळला. दारावरच्या कॅमेऱ्याच्या बरोबर समोरच्या भिंतीवर काकांचा फोटो होता, आणि झरोक्यातून उन्हाची तिरीप नेमकी त्यांच्या चेहऱ्यावर पडली होती. इमारतीच्या जुन्या रजिस्टरातले झाडून सगळे फोटो त्यानेच यंत्रात भरले होते. कोण हयात, कोण नाही, हे विचारायचं राहून गेलं होतं.

"आत्ता काकांचं नाव काढतो," तो म्हणाला.

"नको," भिंतीपाशी उभ्या असलेल्या काकू, काकांच्या पत्नी, पहिल्यांदाच बोलल्या. "वर्षभर एकटीच चहा घेते. आता दार वाजलं की दोन कप मांडते. राहू दे."

काकूंपुढे कोण बोलणार? नाव राहिलं, यंत्र राहिलं, काम पक्कं झालं.

दुसऱ्या दिवशी तो करारावर सह्या घ्यायला ऐटीत आला. "आपली ओळख पटत नाही," दार म्हणालं. सगळ्यांचे चेहरे भरताना स्वतःचा भरायला तो विसरला होता! सेक्रेटरीबाई फोन उचलेनात. अर्धा तास ताटकळल्यावर चार वाजले, "या, काका" झालं, आणि तो पटकन आत शिरला.

लिफ्टपाशी त्याच्या लक्षात आलं, आज सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. ऊन पडलंच नव्हतं.

लिफ्ट आली. तो निमूट बाजूला झाला आणि आधी काकांना जाऊ दिलं.