केणीभाऊ आणि आईचे धवले

रजेचा दोन ओळींचा अर्ज करायला चाळीस ओळींचा प्रोग्रॅम लिहिणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे केणीभाऊ. भिवंडीतल्या एका गोदामाच्या ऑफिसात आमची टेबलं शेजारी होती. तेव्हा नवीनच इंटरनेट आलं होतं. भाऊंनी त्यावरून एक फुकटची लायब्ररी उतरवून घेतली, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला तयार कोड. साधा मजकूर घातला की पान जुळवून, समास सोडून पीडीएफ तयार. मग काय, चलनं, हजेरी, माझ्या भाच्याच्या बारशाचं आमंत्रण, कशाचीच सुटका नाही.

"हातानं कराल तं एकदाच व्हईल. कोड कराल तं जल्मभर व्हईल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

"भाऊ, रजा जन्मभर हवीय का?" मी विचारायचो. ते हसायचे नाहीत, समास तपासायचे.

भाऊंनी लग्न केलं नाही. शेलार गावात ते आणि आई, दोघंच. आई धवलारीण, आगऱ्यांच्या लग्नात विधींचे धवले गाणारी. हल्ली ती मधलीच ओळ विसरायची, आणि भाऊंच्या पुतणीचं लग्न महिन्यावर आलेलं. "भर मांडवात ती अडकली तं मना बघवायचं न्हाय," भाऊ म्हणाले.

त्यांनी सगळे धवले टाइप करून छापले. आईला अक्षरओळख नाही, म्हणून भाऊ मागे बसून कागदावरची ओळ हळूच सांगणार, असं ठरलं. घरी तालीम झाली तर म्हातारी भडकली, "अशी मधीच तोडतंस, मी दम कवा घेऊ?" लायब्ररी ओळ तोडायची कागद संपला की, आणि आई तोडायची श्वास संपला की. मग पंधरा दिवस भाऊ जेवणाच्या सुट्टीत आईच्या गाण्याची टेप कानाला लावून तिचे श्वास टिपत होते. प्रोग्रॅमला त्यांनी तिथेच ओळ तोडायला शिकवलं.

लग्नात तिसऱ्या धवल्याला आई थांबली. भाऊ कुजबुजले, पण बाहेर बेंजोचा बँड वाजत होता, तिला काही ऐकू जाईना. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. धवले पुरुष गात नाहीत. तरी भाऊंनी कागद बाजूला ठेवला आणि मोठ्यानं ती ओळ गायली. सगळं त्यांना पाठ झालं होतं.

दोन-चार जणी हसल्या. आईनं ओळ उचलली, धवला पुरा केला. भाऊ ओशाळून उठायला लागले, तर तिनं त्यांचा सदरा धरला आणि शेजारणीला सरकायला सांगितलं.

"बस हितंच," ती म्हणाली. "अजून पाच हायत."