घरपोच सेवा न्हावी

घाणा बंद केला, की तोटीच्या टोकाला तेलाचा शेवटचा थेंब बराच वेळ लोंबकळत राहतो. आधी तो गोल असतो, मग लांबट होतो, त्याची मान बारीक होत जाते, आणि आता तुटणार असं वाटत असतानाच तो थबकतो. रोहिणीने हे नीट पाहिलं होतं, कारण अलीकडे घाणा दुपारच्या जेवणाआधीच बंद करावा लागायचा आणि थेंबाकडे बघत बसायला तिला भरपूर सवड मिळायची.

सावेडीतल्या त्या गाळ्यात तिचे सासरे काकासाहेब लाकडी घाण्यावर शेंगदाण्याचं, करडईचं आणि तिळाचं तेल काढत. तेल उत्तम होतं. रसायनशास्त्र शिकलेल्या रोहिणीने ते सगळ्या बाजूंनी तपासलं होतं. गिऱ्हाईक मात्र आटलं होतं. शेवटी तिचा नवरा आदिनाथ, जो सुप्याच्या कारखान्यात कामाला होता, त्याने सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत बघू. नाहीतर गाळा भाड्याने देऊ, आणि तू आमच्या लॅबमध्ये लाग." रोहिणीला लॅबचं वावडं नव्हतं. पण ताज्या तेलाचा हा वास सोडून जाणं तिच्या जिवावर आलं होतं.

"तेल घरपोच देऊ या ना, मामा," असं ती लग्न होऊन आल्यापासून सांगत होती. काकासाहेबांचं उत्तर ठरलेलं.

"गिऱ्हाइकानं घाण्यापाशी यावं. थेंब पडताना डोळ्यांनी बघावा. घरी बसून काय कळनार त्याला?"

"लोकांना वेळ नसतो."

"येळ न्हाई का विश्वास न्हाई? आता ते सहादेव मास्तर बघ. पहिल्या दिवसापासूनचं गिऱ्हाईक. वरीस झालं, फिरकलं न्हाईत. पिशवीतलं तेल खात असतील. फितूर!"

मास्तरांचं नाव निघालं की काकासाहेब हातातलं फडकं इतक्या जोरात झटकत, की त्यातली पेंड रोहिणीच्या केसांत जाऊन बसे.

दुकानाची एक वेबसाइट होती. तिच्यावर सूर्यफुलांचं मोठं शेत होतं, आणि सूर्यफुलाचं तेल तिथे मिळतच नव्हतं. फोन नंबर बंद पडलेला. रोहिणीने सगळं नव्याने मांडलं. घाण्याचे फोटो घातले, कोणतं तेल कशाला वापरावं ते लिहिलं, नकाशा जोडला, स्वतःचा नंबर दिला. उरलं फक्त 'आमच्याविषयी'.

"ते मी बोलनार," काकासाहेब म्हणाले. "दुकान माझं, शब्द माझं. त्याला तू हात लावायचा न्हाई."

रोहिणीने माईकचं चिन्ह दाबून मोबाईल त्यांच्या तोंडासमोर धरला. काकासाहेब ग्रामसभेत उभं राहिल्यासारखे बोलले. मोबाईलला जसं ऐकू आलं, तसं त्याने लिहून घेतलं. बाकीचं पान रोहिणीने पुन्हा पुन्हा वाचलं. सासऱ्यांच्या ओळींना मात्र, शब्द दिला होता म्हणून, हातही लावला नाही आणि नजरही.

दुसऱ्याच दिवशी फोन वाजला. एक बाई बोलत होत्या.

"मोबाईलवर शोधलं, तर तुमचंच पहिलं आलं. घरी येता ना?"

"नाही हो, आमच्याकडे अजून—"

"आजच पाठवा. ह्यांची दाढी फार वाढलीय. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून जिना उतरणंच बंद आहे."

"दाढी?" रोहिणी म्हणाली. "अहो, हे तेलाचं दुकान आहे."

"मग तर छानच. डोक्याला तेलही चोळून होईल. मी पाणी तापत ठेवते." बाईंनी इमारतीचं नाव आणि मजला सांगितला आणि फोन ठेवून दिला.

त्यानंतर एका आईला बाळाचं जावळ काढायचं होतं. तिसरा फोन काकासाहेबांनी उचलला.

"कटिंगला कधी येताय?" पलीकडे कुणीतरी म्हातारं, ऐकायला कमी येणारं माणूस होतं.

"कटिंग? न्हाई, न्हाई!"

"हो, न्हावीच पाहिजे."

"अवो, न्हाई म्हन्तोय मी!"

"कळलं की. न्हावीच म्हणताय ना? मग येताय कधी?"

काकासाहेबांनी मोबाईलकडे अंगावर धावून आलेल्या म्हशीकडे बघावं तसं बघितलं आणि तो सुनेच्या हातात दिला. रोहिणीने वेबसाइट उघडली आणि पहिल्यांदाच त्या ओळी वाचल्या.

'आमचे तेल एकदम शुद्ध. भेसळ न्हावी. केमिकल न्हावी. उधारी न्हावी. घरपोच सेवा न्हावी.'

तिला हसू आवरेना. मग आठवलं, एका बाईंनी पाणी तापत ठेवलंय.

शेजारच्या गाळ्यात आसारामचं सलून होतं. चौकात काचेची नवी सलूनं झाल्यापासून गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बहुतेक वेळ तो स्वतःच बसलेला असे. रोहिणीने सगळं सांगितलं. आसाराम पोट धरून हसला आणि लगेच पेटी भरू लागला.

"तेल चोळायचं म्हनल्या ना, वहिनी? मग तिळाची एक बाटली द्या."

बाटली तिकडेच राहिली. संध्याकाळी त्याच बाईंचा फोन आला, "शेंगदाण्याचं तेलही पाठवा, त्या दादांबरोबरच." जावळवाल्या घरी बाळाच्या मालिशला तेल हवं होतं. आसाराम म्हणाला, "मी जातोच हाय. डिकीत चार बाटल्या ठिवल्या तर गाडी काय रडत न्हाई."

"मामांना कळलं तर?"

"माझ्याकडून न्हाई कळायचं. मी दाढी करतो, चुगली न्हाई."

न्हाव्याच्या तोंडून हे ऐकून रोहिणीला जरा नवल वाटलं. पण त्याने शब्द पाळला. नेण्याआणण्याचं काही घ्यायलाही तो तयार नव्हता. "तुमच्या मोबाईलनं मला खुर्चीतून उठवलं, वहिनी. तेवढं बास." रोहिणी रोज ठरवायची, उद्या त्या ओळी दुरुस्त करू. मामांनाही उद्याच सांगू.

घाणा आता दुपारनंतरही चालू लागला. आणि काकासाहेबांना घोर लागला.

"रोहिणी, दारात गिऱ्हाईक दिसंना, अन् डबे तर रिकामे हुत्यात. तेल जातंय कुठं? घाणा गळतोय का काय?"

बॅटरी घेऊन ते घाण्याखाली शिरले. फक्त पाय बाहेर दिसत होते. "खाली तर कोरडं ठाक हाय," आतून आवाज आला. रोहिणीला आता राहवेना. "मामा, जरा बाहेर या, मला तुम्हाला—" तेवढ्यात फोन वाजला. पलीकडच्या माणसाला काकासाहेबच हवे होते. तिने मोबाईल तसाच खाली सरकवला.

"कोन?"

"काकासाहेब, मी सहादेव मास्तर."

मोबाईलचा आवाज मोठा होता. रोहिणीला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"वर्षभर तुमच्या तेलाची भाजी खाल्ली नाही हो. इमारतीला लिफ्ट नाही आणि माझे गुडघे असे. तुम्ही घरी देत नाही, मग मागवायचं कुठल्या तोंडानं? त्या दिवशी आसारामनं डोक्याला तेल लावलं आणि वासावरून ओळखलं, हा काकासाहेबांचा घाणा. मंडळींना म्हटलं, आत्ताच्या आत्ता शेंगदाण्याचं मागव. माझ्यासाठी तुम्ही तुमचा नेम मोडलात. फार उपकार झाले."

काकासाहेबांनी घाण्याखालूनच विचारलं,

"येतंय ना येळेवर?"

"अगदी."

"बरं. गुडघ्यांना जपा, मास्तर."

ते बाहेर आले तेव्हा टोपीला जाळं चिकटलं होतं. रोहिणी मान खाली घालून उभी राहिली. "मामा, चुकलं माझं. तुमचं 'न्हाई' मोबाईलने 'न्हावी' लिहिलं, आणि मी आसारामभाऊंबरोबर तेलही पाठवत राहिले. विचारायला पाहिजे होतं."

काकासाहेब फडक्याने बॅटरी पुसत राहिले. फडकं झटकलं मात्र नाही.

"मास्तरांचा जिना लई उभा हाय का गं?"

"आसारामभाऊ म्हणतात, त्यांनासुद्धा दम लागतो."

"हं." त्यांनी स्टूल ओढलं. "घे तो मोबाईल. ते न्हाव्याचं नीट करून टाकू."

रोहिणीने माईकचं चिन्ह दाबलं. आसाराम पेटी घेऊन निघाला होता, तो दारातच थांबला. काकासाहेब या वेळी पुस्तकातलं वाचल्यासारखं एकेक अक्षर तोलून बोलले, "भेसळ... नाही. केमिकल... नाही. उधारी... नाही. घरपोच सेवा..."

आणि ते थांबले. नुकत्याच बंद केलेल्या घाण्याच्या तोटीला थेंब लोंबत होता. तो लांबट झाला, त्याची मान बारीक झाली. सासरे आणि सून, दोघंही त्याच्याकडे बघत होते. थेंब पडला.

"घरपोच सेवा हाय," काकासाहेब म्हणाले.

"अन् न्हावी?" आसारामने दारातून विचारलं.

"लिही गं," काकासाहेब सुनेला म्हणाले. "त्योबी हाय."