अपेक्षित विजय

टेबलावर फुटबॉलच्या सामन्याची दोन तिकिटं होती आणि टेबलाभोवती सगळं घर. एक तिकीट आप्पांचं, याबद्दल वाद नव्हता. जुन्या सहकाऱ्याने ती त्यांनाच भेट म्हणून धाडली होती. भांडण दुसऱ्या तिकिटाचं होतं.

"मी मोठा आहे," मुलगा म्हणाला.

"वयाने! मी कॉलेजच्या संघात गोलकीपर आहे," मुलगी म्हणाली. "तुला ऑफसाइड तरी कळतो का?"

"तुम्ही दोघं भांडा," सून शांतपणे म्हणाली, "माझी रजा शिल्लक आहे, मी जाते."

आई कपबशा गोळा करत होत्या. या घरात आजवर पुष्कळ सामने पाहिले गेले होते, पण आईंनी ते सगळे भिंतीपलीकडून ऐकले होते. बाहेरच्या खोलीत आरडाओरडा झाला की गॅस बारीक करून, ओले हात पुसत त्या धावत यायच्या. "काय झालं रे?" आणि पडद्यावरची नजर न काढता कुणीतरी सांगायचं, "झाला गोल. आता जाहिराती चालू आहेत." एक तरी गोल होताना आपल्या डोळ्यांनी बघावा, एवढीच त्यांची इच्छा. पण ती त्यांनी देवाजवळही बोलून दाखवली नव्हती. मागायचं नाही, मिळालं त्याचे आभार मानायचे, हा त्यांचा नेम. जेवणाआधी डोळे मिटून त्या मनातल्या मनात दिवसाची उजळणी करायच्या: नळाला पाणी आलं, दूध नासलं नाही, सून वेळेत घरी पोचली. त्यांचे आभार संपेपर्यंत बाकीच्यांची दुसरी वाढ झालेली असायची.

"भावना बाजूला ठेवा," आप्पा म्हणाले. ते वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. शहरातल्या प्रत्येक दुकानाचा तराजू त्यांनी तपासला होता आणि मोजता येत नाही अशी गोष्ट जगात असते हे त्यांना अजून पटायचं होतं. "क्रमवारी लावू. आंतरराष्ट्रीय संघांची लावतात, तशी. जो पहिला येईल, त्याला तिकीट."

स्वयंपाकघरात सामान आणायची आठवण लिहायला एक काळा फळा होता. आप्पांनी त्यावरचे साबण आणि साखर पुसून टाकले आणि खडू उचलला.

"नीट ऐका. प्रत्येक संघाच्या खात्यात आधीचे गुण असतात. सामन्याआधी दोघांच्या गुणांतला फरक बघून ठरवतात, की कुणाकडून किती अपेक्षा आहे. बलाढ्य संघ दुबळ्यावर जिंकला, तर त्यात काय मोठं? गुण अगदी चिमूटभर वाढतात. पण दुबळ्याने बलाढ्याला हरवलं, की एकदम उडी! आणि जेवढं एकाचं वाढतं, तेवढं दुसऱ्याचं कमी होतं. काम म्हणजे सामना. काम पार पडलं तर जिंकलात, बिघडलं तर हरलात."

"आणि प्रत्येक कामाला सारखंच वजन?" सुनेने विचारलं.

"छे! मैत्रीपूर्ण सामन्याला वजन कमी, पात्रता फेरीला जास्त, विश्वचषकाला सगळ्यात जास्त. रोजचा चहा, केर, धुणं हे मैत्रीपूर्ण. पाहुणे आले की पात्रता फेरी."

"आणि विश्वचषक?"

आप्पांनी आवाज खाली आणला. "येत्या रविवारी आत्या जेवायला येतेय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आप्पांची धाकटी बहीण जेवायला येणं याहून मोठी स्पर्धा त्या घराला ठाऊक नव्हती.

सुरुवातीची क्रमवारी आप्पांनी अनुभवावरून लावली. पहिल्या क्रमांकावर आई. दुसऱ्यावर, विनयाने, स्वतः. मग सून, मग मुलगी, आणि तळाला मुलगा.

"तुम्ही कशाला यादीत?" आई म्हणाल्या. "तुमचं तिकीट आहे की."

"यादी पूर्ण असावी गं. तांत्रिक बाब आहे."

दुसऱ्याच दिवशी खळबळ उडाली. तळाच्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा चहा केला आणि तो पिण्याजोगा झाला. आप्पांनी हिशोब करून त्याला थेट तिसऱ्या क्रमांकावर आणला.

"पाणचट होता!" मुलगी ओरडली.

"किती गोलांनी जिंकला ते या पद्धतीत बघत नाहीत. विजय तो विजय."

त्याच सकाळी आईंनी दोनदा चहा, नाश्ता, डबे, धुणं आणि भांडी एवढे सामने जिंकले होते. त्यांच्या गुणांत काय फरक पडला हे बघायला आप्पांनी चष्मा पुसला, पण तो फरक चष्म्याच्या आवाक्यातला नव्हता.

"म्हणजे मला काहीच नाही?" आई हसत म्हणाल्या.

"अगं, तुझा विजय अपेक्षितच असतो ना! अपेक्षेपेक्षा जास्त काही केलंस तर गुण."

"आणि स्वयंपाकघर माझं आहे म्हणून काही?"

"घरच्या मैदानाचा फायदा धरत नाहीत."

दुपारी भाजीत मीठ जरा जास्त पडलं. तेव्हा मात्र आईंचे इतके गुण गेले की दुसऱ्या क्रमांकावरचे आप्पा बसल्या जागी त्यांच्या जवळ सरकले. 'भाजीसारख्या दुबळ्या संघाकडून हार,' असा शेरा आप्पांनी हळहळत मारला आणि भाजी दोनदा घेतली.

मग घरात हुशारी वाढली. मुलीने सोपी कामं सोडून बलाढ्य प्रतिस्पर्धी शोधायला सुरुवात केली. तिने अडकलेली खिडकी उघडली. ती नंतर बंद झाली नाही, पण सामना उघडण्याचा होता. सून वाणिज्य शिकलेली. फळ्यासमोर थोडा वेळ उभी राहून तिने विचारलं, "आप्पा, सामनाच खेळला नाही तर?"

"तर गुण आहेत तेवढेच राहतात."

"अस्सं," सून म्हणाली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन मासिक वाचत बसली. "मी विश्रांतीवर आहे. हरायची भीतीच नको."

मुलगीही विश्रांतीवर गेली. घरातली कामं मात्र विश्रांतीवर जात नाहीत. ती सगळी आईंकडे आली, आणि आई अपेक्षेप्रमाणे जिंकत राहिल्या.

एकटा मुलगा जिद्दीला पेटला होता. रविवारी सकाळी त्याने स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त करायचं ठरवलं. "विश्वचषकाचं वजन, त्यात बलाढ्य नळ," तो पाना घेऊन म्हणाला. "हा सामना मारला की मी पहिला."

"अरे, आधी वरचा कॉक बंद कर," आई म्हणाल्या.

"वायसरच तर बदलायचाय, आई. तू तुझं बघ."

आईंचं शेगडीवर सगळंच होतं: भात, भाजी, दूध. मुलाने पाना फिरवला, नळ सुटून हातात आला आणि पाणी त्याच्या तोंडावर आदळलं. आईंनी पातेल्याचं झाकण टाकून दोन्ही अंगठे पाइपाच्या तोंडावर दाबले.

"कॉक! वरचा कॉक बंद कर!"

"कुठे आहे तो?"

"एवढी वर्षं कुठे राहतोस?"

मुलगा कॉक शोधायला गेला. सून मासिक टाकून धावली, पण ओल्या फरशीवरून घसरली आणि पायपुसण्यावर बसूनच पुढे सरकली. मुलगी म्हणाली, "मी अडवते!" आणि गोलकीपरसारखी दारात आडवी झाली, पाणी तिच्या दोन्ही बाजूंनी बाहेरच्या खोलीत गेलं. दूध उतू गेलं. भात करपला. भाजीने तळ धरला. आणि आप्पा दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन, पाण्याच्या मधोमध, फळ्यावर खडू चालवत होते.

"आप्पा, निदान हे बाद फेरीत धरा!" मुलगा कुठूनतरी ओरडला. "बाद फेरीत हरलं तर गुण कापत नाहीत!"

"पहिलाच सामना आहे, साखळी फेरी. गप शोध कॉक!"

दाराची घंटा वाजली.

आत्या चपला हातात घेऊन पाण्यातून चालत आली. तिने पाइपावर अंगठे दाबून उभ्या राहिलेल्या वहिनीकडे बघितलं, मग शेगडीकडे, मग खुर्चीवरच्या भावाकडे. न विचारता ती मोरीत गेली, दाराआडचा तो वरचा कॉक फिरवला आणि पाणी थांबलं.

"वन्सं, सगळं करपलं हो," आई कसनुसं हसल्या.

"करपू दे. वहिनी, तुम्ही आधी बसा." आत्याने शेगडी बंद केली आणि फळ्याकडे मान वळवली. "हे काय आहे?"

आप्पांनी अभिमानाने सगळी पद्धत सांगितली. भात, भाजी आणि दूध, तीन दुबळ्या संघांकडून विश्वचषकात हरल्यामुळे आई तळाला गेल्या होत्या. नळाने मुलालाही खाली ओढलं होतं.

आत्याने वरून वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच नावाशी थांबली. "दादा, तू पहिला?"

"हो का?" आप्पा खरोखरच चकित झाले. हिशोबाच्या नादात त्यांनी वरचं नाव बघितलंच नव्हतं.

"तू काय काय केलंस?"

आप्पांनी आठवून बघितलं. "मी... काही नाही."

"तरीच!" आत्या म्हणाली. "जा मग सामन्याला. पहिला क्रमांकही तुझा, तिकीटही तुझं. एका खुर्चीवर बस आणि दुसरीवर पाय ठेव. सवय आहेच."

सुनेला हसू आवरेना. मुलगीही हसली. आप्पांनी मात्र हळूच पाय खाली सोडले. पाणी घोट्यापर्यंत गार लागलं. ते फळ्याकडे बघत राहिले. चिमूटभर, चिमूटभर, चिमूटभर, अशी आईंच्या नावापुढे उभी रांग होती. नोकरीत असा तराजू सापडला की ते दुकानदाराचं काही ऐकून घेत नसत. एका पारड्यात कितीही टाका, काटा हलतच नाही, म्हणजे खोट मालात नसते.

"जप्त," आप्पा पुटपुटले आणि ओल्या फडक्याने फळा पुसला. मग दोन्ही तिकिटं आईंच्या हातात ठेवली. "पद्धत संघांसाठी ठीक आहे गं. घरासाठी काटा चुकतो. तू जा. बरोबर कुणाला न्यायचं ते तू ठरव."

आईंनी तिकिटं ओल्या हातांनी छातीशी धरली. "वन्सं, येता? पंचांवर ओरडायला कुणीतरी हवं. मला काही ते जमायचं नाही."

जेवण म्हणून सगळ्यांनी ब्रेड-जॅम खाल्लं. आईंनी त्याआधी डोळे मिटले, ते नेहमीपेक्षा जास्त वेळ.

सामन्याच्या दिवशी संध्याकाळचा स्वयंपाक करायचं आप्पांनी जाहीर केलं. "कुणी मध्ये यायचं नाही. हा माझा सामना आहे," असं म्हणत ते आत गेले. मुलं बाहेर टीव्हीसमोर बसली, मैदानावरच्या गर्दीत आई दिसतात का ते शोधत. आप्पा कांदा चिरत होते. भातात पाणी किती, हे कुठल्याच मापावर लिहिलेलं नसतं, हा शोध त्यांना नुकताच लागला होता. एवढ्यात बाहेर एकच आरडाओरडा झाला. आप्पांनी गॅस बारीक केला आणि ओले हात पुसत धावत दारात आले.

"काय झालं रे?"

"झाला गोल," पडद्यावरची नजर न काढता मुलगा म्हणाला. "आता जाहिराती चालू आहेत."

आप्पा करपल्याचा वास आला म्हणून आत गेले.

आई परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. ओरडायचं जमायचं नाही म्हणणाऱ्या आईंना आत्यानेच दोनदा खाली बसवलं होतं म्हणे. टेबलावर मिठाची बाटली गोलकीपर झाली, चमचे बचावपटू झाले. "असा डावीकडून आला हो तो पोरगा... पण तुम्ही बघितलाच असेल."

"नाही," आप्पा म्हणाले. "ऐकला."

आईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग चमचे पुन्हा जागेवर लावले. "बसा. पहिल्यापासून सांगते."

त्यांनी सगळा गोल सांगितला, काही न गाळता. मग आप्पांनी पानं घेतली. भात खालून करपलेला आणि वरून कच्चा होता. आईंनी नेहमीप्रमाणे डोळे मिटले, उघडले आणि घास घेतला. समोर आप्पांचे डोळे अजून मिटलेलेच.

"अहो, जेवता ना? गार होतंय."

"थांब गं," आप्पा डोळे न उघडता म्हणाले. "मी अजून सकाळच्या चहापर्यंतच पोचलोय."