जावईबापूंचं वय एकोणसत्तर

रंगाचा कारखाना बंद पडून सात महिने झाले तरी जावई घरीच आहे, हे कळल्यावर अण्णा एक बॅग भरून मुलीकडे राहायला आले. भांडायला नव्हे. त्यांना फक्त कुतूहल होतं. सिमेंटच्या कारखान्यात वजनकाट्यावर बसून त्यांनी आयुष्यभर ट्रक मोजले होते, आणि निवृत्तीनंतरही समोर येईल त्याला मनातल्या मनात काट्यावर घालायची खोड गेली नव्हती.

"राग मानू नका जावईबापू," पहिल्याच संध्याकाळी त्यांनी विषय काढला, "पण नोकरी नसलेला माणूस दिवसभर करतो तरी काय?"

"नोकरी शोधतो, अण्णा."

"ते झालंच. पण उरलेला वेळ?"

जावई नुसता हसला. कारखान्यात तो रंगाच्या शेड जुळवायचा. गिऱ्हाइकाने फरशीचा तुकडा आणावा, पडद्याची चिंधी आणावी, हा डब्यात हुबेहूब तोच रंग उतरवून देई. आता सासऱ्यांच्या प्रश्नाशी जुळेल असं उत्तर काही त्याला सापडेना.

बेकार माणूस दहापर्यंत लोळत पडतो अशी अण्णांची समजूत होती. सकाळी सहाला ते पाणी प्यायला उठले, तर जावई कॉम्प्युटरसमोर बसलेला.

"इतक्या लवकर?"

"नोकऱ्यांच्या साइटवर नव्या जाहिराती सकाळीच पडतात. ऑफिसं उघडेपर्यंत अर्जांचा ढीग झालेला असतो."

अण्णांनी खुर्ची जवळ ओढली. "मग तुम्ही फार निवड करत असणार. मिळेल ते धरावं माणसाने."

"गोदामात खोकी भरायच्या कामालाही अर्ज केला होता. म्हणाले, तुमचं शिक्षण जास्त आहे, तुम्ही टिकणार नाही."

"आणि रंगाच्या कामाला?"

"तिथे म्हणाले, शिक्षण कमी पडतंय."

काटा स्थिर व्हायची वाट बघावी तसे अण्णा जावयाकडे बघत राहिले. मग मांडीवर थाप मारून उठले. "चूक कळली! तुम्ही घरात बसून अर्ज करता. आमच्या वेळी मी सरळ गेटातून आत गेलो, मॅनेजरपुढे उभा राहिलो, दुसऱ्या दिवशी काट्यावर. चला, कपडे करा."

दोघं फरशीच्या एका कारखान्यावर गेले. वॉचमनने गेटातली छोटी खिडकी उघडली.

"भेटायची वेळ घेतलीय का?"

"काम मागायला वेळ कसली घ्यायची? मॅनेजरना भेटायचंय."

"मलाही भेटायचंय, काका," वॉचमन म्हणाला. "बदलीसाठी तीन वेळा विचारलं. साइटवर अर्ज करा म्हणतात."

परतताना अण्णांचं डोकं चालूच होतं. जावई मेहनती, वॉचमन सज्जन, मग घोडं अडतंय कुठे? त्या साइटमध्येच काहीतरी बिघाड असणार! दुपारी जावई भाजी आणायला गेला तेव्हा त्यांनी चष्मा चढवला आणि स्वतःच अर्ज करून बघायचं ठरवलं. पान उघडंच होतं. वय, एकोणसत्तर. अनुभव, वजनकाटा, सिमेंट. विशेष गुण, 'एकही ट्रक हलका जाऊ दिला नाही.' खाली स्वतःचा फोन नंबर. साइटने अदबीने विचारलं, बदल जतन करायचे का? अण्णांनी खुशाल हो म्हटलं. आपण नवा अर्ज भरलेला नसून जावयाच्याच माहितीवर रंगाचा दुसरा हात मारलाय, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आणि दुसऱ्या दिवशी जावयाची मुलाखत होती. कितीतरी दिवसांनी आलेली, तीही रंगाच्याच कंपनीची, कॉम्प्युटरवरून व्हायची.

"अण्णा, आज मध्ये बोलायचं नाही हं," मुलीने कामावर जाताना बजावलं.

"छे! मी कोपऱ्यात बसतो. मुलाखत कशी घेतात हल्ली, तेवढंच बघायचंय."

पडद्यावर एक मॅडम आल्या. त्यांनी समोरचा कागद पाहिला, जावयाकडे पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"तुम्ही... एकोणसत्तर वर्षांचे?"

"नाही मॅडम, एकोणचाळीस!"

"इथे तर एकोणसत्तर आहे. तसे फारच छान राहिलाय तुम्ही. पण तुमचा रंगाशी काय संबंध? इथे सगळे ट्रकच दिसतायत."

जावई खुलासा करू लागला. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "ट्रक माझे आहेत!"

आणि अण्णा पडद्यात शिरले. "बाई, घोटाळा मी केलाय. वय माझं, ट्रक माझे. तोंड तेवढं ह्यांचं आहे."

मॅडम हसू दाबत होत्या, पण सवय कुठली सुटते? कागदावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "बरं काका, निवृत्तीनंतर इथे मोठाच खंड दिसतोय. या काळात काय करत होतात?"

"मी? घरीच होतो."

"घरी म्हणजे, नेमकं काय?"

अण्णांनी तोंड उघडलं. पेपर वाचतो, म्हणावं? फिरायला जातो? इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं, त्यांनीही स्वतःला विचारलं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले.

"मॅडम," जावई पटकन म्हणाला, "सध्या ते माझ्याबरोबर काम शोधतायत."

अण्णांनी जावयाकडे असं पाहिलं की जणू कुणी त्यांना बुडताना हात दिला होता. पुढची मुलाखत बरी झाली. मॅडमनी खरी माहिती विचारून घेतली आणि "कळवू" म्हणाल्या.

त्यांच्याकडून काही कळलं नाही. जावयाने साइटवरची माहिती दुरुस्त केली, आणि दुसऱ्या दिवसापासून सहा वाजता दोन खुर्च्या लागू लागल्या. अण्णा जाहिराती मोठ्याने वाचत.

"'तातडीने पाहिजे', म्हणजे हो?"

"महिन्याभराने फोन."

"'घरगुती वातावरण'?"

"पगार बेताचा."

"अरे वा! म्हणजे ही भाषाच वेगळी आहे की!" अण्णांना गोडी लागली. लाकडी खेळणी करणाऱ्या एका कारखान्याला रंग मिसळणारा माणूस हवाय, ही जाहिरात त्यांनीच शोधली. तिथून जावयाला एक दिवस काम करून दाखवायला बोलावलं.

तो तिकडे गेला असताना अण्णांचा फोन वाजला. रंगाच्या कंपनीतल्या मॅडमच होत्या. त्यांच्याकडच्या जुन्या कागदावर नंबर अण्णांचाच होता.

"काका, ती जागा रद्द झाली, एवढं सांगायचं होतं," मॅडम म्हणाल्या आणि घुटमळल्या. "आणि माझीही. परवाच. तुम्ही दोघं रोज काम शोधता ना? ते नेमकं कसं शोधतात हो? इतकी वर्षं मी फक्त समोर बसून प्रश्न विचारलेत."

अण्णा ताठ बसले. "घाबरायचं नाही बाई. कागद घ्या. पहिलं म्हणजे कोणी विचारलं, दिवसभर काय करता, तर कान लाल होऊ द्यायचे नाहीत. दुसरं..."

तेवढ्यात जावई धावतच जिना चढून आला. मनगटापर्यंत हात पोपटी आणि पिवळे झाले होते, कानालाही लाल फराटा लागला होता. दारातूनच तो ओरडला, "अण्णा! उद्यापासून मला..."

अण्णांनी त्याच्या हातांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा फुलला. पण कानावरचा फोन न हलवता त्यांनी तळवा पुढे केला आणि हळूच म्हणाले,

"जरा थांबा, जावईबापू. मी कामात आहे."