ड्यूप्रीच्या बुटापाशी एर्लीन

विटा बसवण्यात माझा हात धरील असा माणूस अख्ख्या हार्डिन गावात नाही! एक्केचाळीस वर्षं गवंडीकाम केलंय. म्हणून एक वीट इथून काढून तिथं बसवायची, हे काम दहा मिनिटांचं, असं मी छातीठोकपणे ठरवलं. त्या दहा मिनिटांना चार तास लागले, दोनेकशे माणसं लागली आणि एक पोलीस लागला.

वीट माझ्या बायकोच्या नावाची होती. एर्लीन मार्चमध्ये गेली. जाण्याआधी तिनं एकच मागितलं. "व्हर्जिल, स्टेडियमबाहेर माझ्या नावाची वीट बसव. पण टिलमनच्या बाकापाशी हं! त्या ड्यूप्रीच्या पायाशी मला टाकलंस तर बघ!"

आमच्या कॉलेजच्या अमेरिकी फुटबॉल संघाला (हा चेंडू पायानं कमी, हातानंच जास्त खेळतात) आजवर कोच पुष्कळ झाले, पण गावात भांडण दोघांवरूनच. कोच ड्यूप्री म्हणजे बावीस वर्षं, तीन अजिंक्यपदं आणि दहा फुटी ब्राँझचा पुतळा. कोच टिलमन म्हणजे नऊ वर्षं, कप एकही नाही, आणि शेवटी हातात नारळ. त्यांच्या चाहत्यांनी वर्गणी काढून त्यांच्या नावाचा एक बाक ठेवलाय, तोही स्वच्छतागृहाच्या वाटेवर. दोन्हीकडे फरशीत चाहत्यांच्या नावाच्या विटा.

मी ड्यूप्रीवाला. एर्लीन टिलमनवाली. ती कॉलेजच्या खानावळीत सव्वीस वर्षं वाढायला होती.

"टिलमन जेवण झालं की आपली थाळी आपण उचलायचा," ती म्हणायची, "आणि त्या रेड्यांएवढ्या पोरांनाही उचलायला लावायचा. तुझ्या ड्यूप्रीनं कधी चमचा तरी उचलला?"

"थाळ्या उचलून कप मिळत नाहीत!" मी म्हणायचो.

चौतीस वर्षं रोज न्याहारीला हे भांडण. आता न्याहारी पाच मिनिटांत आटपते.

तर शुक्रवारी संध्याकाळी मी वीट बघायला गेलो आणि हबकलोच! एर्लीनची वीट ड्यूप्रीच्या डाव्या बुटापाशी! शेजारी माझीही होती. माझी वेळ येईल तेव्हा जागा असावी म्हणून मी जोडीनं दोन विटा सांगितल्या होत्या. माझं ठीक आहे, मी तिथलाच. पण एर्लीन? कॉलेजवाल्यांनी घोळ घातला होता! ऑफिस बंद. दुसऱ्या दिवशी मॅच, आणि मॅचला तिची बहीण येणार. तिनं हे पाहिलं असतं तर मलाच विटेखाली गाडलं असतं!

मी ठरवलं, पहाटे सहाला जायचं, कोणी यायच्या आत काम उरकायचं. मॅचच्या दिवशी आमच्याकडे लोक पहाटेच पार्किंगमध्ये शेगड्या पेटवून डुकराच्या बरगड्या भाजायला लागतात. पन्नास वर्षं मी स्वतः हेच करतोय. तरी तिथं कोणी नसेल असं मला का वाटलं, देव जाणे!

पुतळ्यासमोर गुडघे टेकले आणि विटेच्या फटीतली वाळू बोटांनी काढू लागलो. एवढ्यात शेजारी कोणीतरी धपकन बसलं. पिंपाएवढा एक माणूस, एका हातात अर्धी खाल्लेली बरगडी, दुसऱ्या हातात काढलेली ड्यूप्रीवाल्यांची लाल टोपी.

"मलाही रडू येतं, काका," तो म्हणाला. "असा कोच पुन्हा होणे नाही."

मी "हं" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? बघता बघता माझ्या दोन्ही बाजूंना पंधरावीस माणसं गुडघे टेकून बसली. एका बाईनं तर प्रार्थना सुरू केली! तिचं "आमेन" होईपर्यंत मी थांबलो आणि पिशवीतून छिन्नी-हातोडा काढला.

"अरे, हा पुतळा फोडतोय!"

"नाही हो, मी फक्त..."

"धरा त्याला! टिलमनवाला आहे!"

मी? टिलमनवाला? जन्मात मला एवढी मोठी शिवी कोणी दिली नव्हती! तेवढ्यात स्वच्छतागृहाकडून निळ्या टोप्यांचं टोळकं धावत आलं. हे खरे टिलमनवाले.

"फोडा काका, फोडा! आम्ही आहोत पाठीशी!"

"तीन अजिंक्यपदं आहेत त्यांची, तीन!" पिंपानं बरगडी तलवारीसारखी उगारली.

"आणि पदवी किती पोरांना मिळाली? टिलमनची पोरं आज डॉक्टर आहेत!"

"म्हणूनच तर मॅच हरल्यावर मलमपट्टी छान करायची!"

"तुमच्या ड्यूप्रीला चेंडू फेकतात हे तरी माहीत होतं का? बावीस वर्षं पोरांना तो नुसता उराशी कवटाळून पळायला लावलं!"

"पळाले म्हणून जिंकले!"

मी मधोमध हातोडा घेऊन उभा. "अहो, मी ड्यूप्रीवाला आहे!" असं ओरडलो, तर निळ्या टोपीवाले चिडले. "ही माझ्या बायकोची वीट आहे, ती टिलमनवाली!" असं ओरडलो, तर लाल टोपीवाले चिडले. दोन्ही बाजू एकाच माणसावर चिडण्याचा आमच्या गावातला हा पहिलाच प्रसंग असावा. शेवटी हवालदार क्लीव्हनं माझा हातोडा जप्त केला आणि माजी विद्यार्थ्यांच्या ऑफिसातल्या मिस जोएटाला बोलावलं.

"बाई, तुमच्या लोकांनी घोळ घातलाय!" मी तिला सर्वांदेखत सुनावलं. "माझी बायको टिलमनची, आणि टाकलीत कुठं?"

जोएटा शांतपणे आत गेली, फाइल घेऊन आली आणि एक फॉर्म माझ्यासमोर धरला. "अक्षर कोणाचं, मिस्टर स्ट्राउड?"

अक्षर माझं. दोन कोचांची नावं, दोन चौकोन. आणि माझ्या हातानं, माझ्याच पेनानं, ड्यूप्रीवर ही एवढी मोठी खूण! चौतीस वर्षांची सवय. बायको गेल्याच्या दहाव्या दिवशी फॉर्म भरत होतो, डोकं जागेवर नव्हतं, पण हात बरोबर आपल्या पक्षाकडे गेला!

लाल-निळे दोघंही पोट धरून हसले. पहिल्यांदाच एकत्र.

"बाकापाशी दोन विटांची जागा आहे," जोएटा म्हणाली. "बाईंची हलवू. तुमची?"

हसणं थांबलं. पिंप माझ्या कानाशी आला. "काका, तुमची इथंच राहू द्या. नीट विचार करा. कायमचं आहे हे. आणि तो बाक स्वच्छतागृहाच्या वाटेवर आहे!"

मी पुतळ्याकडे पाहिलं. बाकाकडे पाहिलं. मध्ये तीनशे पावलं तरी असतील. घरात मी एर्लीनपासून एवढ्या लांब कधी बसलो नव्हतो. भांडायचं तर निदान ऐकू तरी जायला हवं!

"दोन्ही हलवा," मी म्हणालो.

निळ्या टोप्यांनी असा जल्लोष केला, जणू टिलमननं कप आणला! लाल टोप्यांनी माना खाली घातल्या. क्लीव्हनं हातोडा परत दिला आणि दोन्ही विटा मी स्वतः बसवल्या. एर्लीनची सरळ. माझी मात्र उलटी, म्हणजे अक्षरं ड्यूप्रीच्या पुतळ्याकडे तोंड करून. माणसाला काही तत्त्वं असतात!

आता दर मॅचला लोक तिथं थबकतात आणि विचारतात, "हा कोण हो उलटा?"

क्लीव्ह तिथंच उभा असतो. "तो होय?" तो म्हणतो. "तो एर्लीनचा नवरा."